दागिन्यांच्या चेन मार्केटिंगमध्ये पैसे भरण्याआधी

कुडाळच्या हॉटेलातला हॉल असो, चिपळूणचं मंगल कार्यालय असो की शेजारच्या घराची पडवी, दागिन्यांच्या नेटवर्क कंपनीची बैठक बहुतेक एकाच क्रमाने जाते. आधी हार दाखवतात, मग कुणाची तरी नवी गाडी, मग कमिशनचे आकडे, आणि चहा येईपर्यंत फॉर्म समोर आलेला असतो. तपासणी करताना हा क्रम मोडायचा. गाडी आणि आकडे बाजूला ठेवायचे आणि पहिल्यांदा दागिनाच हातात घ्यायचा.

याचं कारण साधं आहे. टॉनिक, साबण, पाण्याचं यंत्र यांची खरी किंमत बाहेरच्या माणसाला काढता येत नाही. सोन्याचांदीचा भाव मात्र रोजच्या पेपरात छापून येतो, घडणावळ तालुक्याच्या कुठल्याही सराफाकडे विचारता येते, आणि मुलाम्याच्या मालाचा घाऊक दर भुलेश्वरला किंवा मालाडला तासाभरात कळतो. त्यामुळे कंपनीच्या किमतीत दागिना किती आणि साखळी पोसायचा खर्च किती, हे घरबसल्या वेगळं करता येतं. तेवढं केलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हातात आलंय ते नेमकं काय

या धंद्यात चार प्रकारचा माल फिरतो आणि बोलताना तो मुद्दाम सरमिसळ केला जातो. तुम्ही मात्र चौघांना चार वेगळी मापं लावा.

*हॉलमार्कचं सोनं.* खऱ्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि अक्षरं-आकड्यांचा सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्क दागिना विकायला बंदी आहे. बीआयएस केअर हे ॲप उतरवून तो क्रमांक टाका. शुद्धता, तपासणी केंद्र, तारीख आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार नीट वाचा. ॲपवर ‘अंगठी’ आणि हातात मंगळसूत्र असेल तर तो क्रमांक उचललेला आहे. शंका राहिली तर हॉलमार्किंग केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपये भरून ग्राहकालाही तपासणी करून मिळते. सांगितलेल्या शुद्धतेपेक्षा सोनं कमी भरलं, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि म्हणूनच या कंपन्यांच्या ‘स्टार्टर’ पेटीत दीड-पावणेदोन ग्रॅमचे नग जास्त दिसले तर कान टवकारा.

*चांदी.* पैंजण, जोडवी, देवाच्या मूर्ती. ९२५ चा शिक्का आणि प्रत्यक्ष वजन पाहा. मूर्ती आतून पोकळ की लाख भरलेली, ते विचारा.

*मुलाम्याचा माल.* ‘एक ग्रॅम सोनं’ या नावाने विकला जातो तो हाच, आणि सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. एका मध्यम बांगडीचं पृष्ठफळ ४० चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा मुलामा असेल तर सोनं भरतं ४० × ०.००००५ सेंटिमीटर × १९.३ (सोन्याची घनता), म्हणजे जेमतेम ३९ मिलिग्रॅम. त्याच बांगडीवर खरोखर एक ग्रॅम सोनं चढवायचं तर थर १३ मायक्रॉनचा लागेल. नेहमीचा मुलामा त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे ‘किती मायक्रॉन?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. बिलावर लिहायला तयार नसतील तर तोंडी सांगितलेला आकडा विसरून जा.

किनारपट्टीवर या मालाचं आयुष्य आणखी कमी. हवेतलं मीठ आणि घाम मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून खालच्या पितळेपर्यंत पोचतात, तांबं हिरवं पडतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पुण्यात वर्षभर चमकणारी ठुशी वेंगुर्ल्यात पावसाळा काढेलच असं नाही. कंपनीच्या पुस्तिकेतली ‘सहा महिन्यांची गॅरंटी’ वाचताना खाली बारीक अक्षरांत ‘पाणी, घाम, अत्तर आणि दमट हवा यांपासून दूर ठेवावे’ असं लिहिलंय का पाहा. दमट हवेपासून दूर ठेवायचं तर दागिना घाटावर नेऊन ठेवावा लागेल! हा माल काळा पडला की गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही, तुमच्या दारात येतं.

*खड्यांचा माल.* अमेरिकन डायमंड, मोइसनाइट, प्रयोगशाळेत बनवलेला हिरा. मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हिऱ्यासारखी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे साध्या हिरातपासणी पेनवर तो ‘हिरा’ म्हणूनच बोलतो. बैठकीत पेन लावून दाखवलं तर त्याला फार अर्थ नाही. दहापट भिंगातून तिरकं पाहिलं की मोइसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या तशा दिसत नाहीत. आणि प्रयोगशाळेतला हिरा खरा हिरा असला तरी परत विकायला गेलं की हाती फार थोडं येतं. प्रमाणपत्र त्याचा दर्जा सांगतं, त्याची किंमत टिकेल याची हमी देत नाही.

किंमत फोडून पाहा

आता कागद-पेन घ्या. समजा कंपनी ८ ग्रॅम नेट वजनाचं २२ कॅरेटचं मंगळसूत्र १,२४,००० रुपयांना देते. हिशेब सोपा जावा म्हणून दर ग्रॅमला १०,००० धरू. तुम्ही त्या दिवशीचा खरा दर घाला.

सोनं ८०,०००. घडणावळ १२ टक्के, ९,६००. दोन्हीवर ३ टक्के जीएसटी, २,६८८. हॉलमार्किंगचं शुल्क किरकोळ आहे, ते सोडून द्या. बेरीज ९२,२८८.

वरचे ३१,७१२ रुपये कशाचे? ते साखळीचे. तुमच्यावरच्या पायऱ्यांना वाटायचं कमिशन, हॉल, गाडी, परदेशदौरा, सगळं त्यातून. महिन्याने तुमच्या खात्यात ‘पहिली कमाई’ म्हणून ४,००० आले आणि अभिनंदनाचे मेसेज आले, तर ते तुमच्याच ३१,७१२ मधले चार हजार परत आलेत एवढं लक्षात ठेवा.

उलट बाजूही काढा. तेच मंगळसूत्र अडचणीच्या वेळी सराफाकडे मोडीत घातलं तर घडणावळ आणि जीएसटी दोन्ही बुडतात, वर तूट कापली जाते. तूट ३ टक्के धरली तर हाती ७७,६००. म्हणजे ‘सोन्यात पैसा टाकलाय, बुडणार कुठे?’ या वाक्याची किंमत या उदाहरणात ४६,४०० रुपये आहे.

हा हिशेब करताना दोन ठिकाणी हात घसरतो. एक, ग्रॉस वजन. काळे मणी, खडे, दोरा, लाख यांचं वजन सोन्यात धरलेलं असतं. बिलावर नेट वजन वेगळं लिहिलेलं हवं. दुसरं, ‘घडणावळ शून्य’ची जाहिरात. तिथे घडणावळ दरात किंवा खड्यांच्या किमतीत मुरवलेली असते. एकूण रकमेला नेट ग्रॅमने भागा, फसवणूक तिथेच दिसते.

मुलाम्याच्या मालाला हिशेब वेगळा. गुगल लेन्सवर नगाचा फोटो टाका. मालाड किंवा राजकोटच्या घाऊक यादीत तोच साचा, तेच खडे, तोच रंग वारंवार सापडतो. कंपनीची ‘सभासद किंमत’ त्या घाऊक भावाच्या तिप्पट-चौपट असेल, तर स्वस्तात विकणाऱ्या शेजारच्या बाईशी तुमची टक्कर होणार. तिला साखळी पोसायची नाही. भुलेश्वरहून गाठोडं आणून वाडीत विकणाऱ्या बायका कोकणात कितीतरी आहेत. सरळ व्यापार करायचा असेल तर तोच मार्ग बरा, असं आमचं मत.

प्लॅन वाचायचा कसा

पुस्तिकेत रंगीत वर्तुळं असतात, बायनरीत, म्हणजे प्रत्येकाखाली दोनच शाखा असलेल्या प्लॅनमध्ये, डावा-उजवा पाय असतो, खरेदीवर मिळणारे पीव्ही-बीव्हीचे गुण असतात. त्या गुणांमध्ये अडकू नका. आधी रुपयात रूपांतर करा: १०० गुण म्हणजे किती रुपयांची खरेदी आणि त्यावर किती रुपये कमिशन. हे एका ओळीत सांगता येत नसेल तर तो गोंधळ मुद्दाम ठेवलेला आहे असंच समजा.

मग एकच प्रश्न धरून सगळा प्लॅन वाचा. उद्यापासून एकही नवा सभासद जोडला गेला नाही आणि फक्त बाहेरच्या गिऱ्हाइकांना दागिने विकले, तर मला काय मिळतं? उत्तर ‘विक्रीवर २०-२५ टक्के’ असं स्पष्ट असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. उत्तर ‘तसं करून चालत नाही, टीम बनवावीच लागते’ असं आलं, तर तुम्हाला दागिने विकायला बोलावलेलं नाही.

टीमचं गणित आपल्याच जिल्ह्यांवर करून पाहा. प्रत्येकाने फक्त पाच जण जोडायचे. पहिल्या पायरीवर ५, दुसरीवर २५, तिसरीवर १२५, चौथीवर ६२५. आठव्या पायरीवर ३,९०,६२५ आणि नवव्यावर १९,५३,१२५. नऊ पायऱ्यांची बेरीज २४,४१,४०५. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गची ८,४९,६५१, मिळून २४,६४,७२०. म्हणजे नवव्या पायरीला पाळण्यातल्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत दोन जिल्हे संपतात, अवघे २३ हजार उरतात. त्या साखळीत ८० टक्के माणसं तळाच्या पायरीवर असतात, ज्यांच्या खाली कोणीच नसतं. मेहनत केली की जमतं, हे वाक्य या ८० टक्क्यांना लागू होत नाही, कारण त्यांच्यासाठी माणसंच शिल्लक नसतात.

‘तुम्ही सुरुवातीलाच येताय’ असं सांगितलं तर तुम्हाला आणणाऱ्यापासून वर मोजत जा. तिला कोणी आणलं, त्याला कोणी आणलं. पाच-सहा नावं सहज निघाली तर तुम्ही सुरुवातीला नाही.

बारीक अक्षरांत हे शब्द शोधा. ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठी दरमहा किती खरेदी करावी लागते? एखादा महिना चुकला तर साठलेले गुण राहतात की धुऊन जातात? बायनरीत दोन्ही पाय सारखे भरले तरच पैसे मिळतात का, आणि जास्त भरलेल्या पायाचे गुण पुढे धरतात का? आठवड्याची कमाल मर्यादा किती? एक पाय वरून आपोआप भरतो आणि दुसरा कायम रिकामा, ही बायनरीतली नेहमीची रड आहे. डाव्या पायात दोनशे माणसं दिसतात आणि हाती काही पडत नाही.

महिन्याचा ताळेबंद, कोकणातल्या महिन्यांनी

समजा दरमहा ३,००० ची खरेदी सक्तीची आहे आणि त्या मालाची छापील किंमत ४,०००. सगळा माल खपला तर नफा १,००० दिसतो. आता खर्च लावा. गिऱ्हाईक दहा टक्के तरी कमी करून मागतंच, गेले ४००. एसटी आणि रिक्षाचे ४००. कुरिअर, पिशव्या, डब्या १५०. उरले ५० रुपये, महिन्याभराच्या पायपिटीचे. पाव माल पडून राहिला तर हाती २,७०० येतात, गेलेले असतात ३,५५०, आणि महिना ८५० रुपयांनी तोट्यात जातो. पडून राहिलेला माल ‘स्टॉक’ म्हणून लिहू नका. किनाऱ्यावर मुलाम्याचा स्टॉक कपाटातही काळा पडतो.

दुसरी गोष्ट कंपनीच्या प्लॅनमध्ये कधीच नसते. इथला पैसा बारा महिने सारखा येत नाही. काजू-आंब्याचा पैसा मार्च ते मे, लग्नंही मे महिन्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कोळीवाड्यात हातात रोकड नसते. जुलैत सगळी वाडी लावणीला शेतात. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा बाजार उठतो, मग दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीची हळदीकुंकवं, शिमगा. पण ‘ॲक्टिव्ह’ची अट जून-जुलैतही चालू असते. विक्रेती त्या दोन महिन्यांत स्वतःच्या पैशाने माल घेऊन ठेवते, ऑगस्टमध्ये विकू म्हणून. नुकसान बहुतेक इथून सुरू होतं. म्हणून कॅलेंडर काढून बारा महिन्यांपुढे सक्तीची खरेदी आणि अंदाजे विक्री, असे दोन आकडे लिहा. विक्रीचा आकडा लिहिताना नावं लिहा: कोण घेईल, काय घेईल, वर्षातून किती वेळा. साठ घरांच्या वाडीत अशी नावं वीसच्या पुढे जाणं कठीण असतं आणि त्यातली अर्धी भावकीच निघते. भावकी पहिल्यांदा भिडेने घेते. दुसऱ्यांदा नाही.

उधारी वेगळी धरा. ‘आंबा गेला की देते’ हा शब्द खोटा नसतो, पण कंपनीला पैसे आजच भरायचे असतात. आणि बचत गटाचं कर्ज या कामाला काढायचं असेल तर व्याज ताळेबंदात घाला. शेकडा दोन रुपये दराने २०,००० वर महिन्याला ४०० रुपये होतात. वरच्या उदाहरणातला ५० रुपयांचा नफा त्यापुढे कुठेच नाही.

कागद

‘सरकारमान्य कंपनी’ असं काही नसतं. कंपनी नोंदवली गेली म्हणजे तिचा धंदा सरकारने तपासून पसंत केला, असा अर्थ होत नाही. तरी नोंदी पाहायच्याच, कारण त्यातून खोटं पटकन उघडं पडतं.

एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की स्थापनेची तारीख, भरणा झालेलं भांडवल, संचालक आणि कंपनी चालू आहे की नाही हे फुकट दिसतं. कंपनीच्या २१ जागांच्या सीआयएन या नोंदणी क्रमांकात नवव्यापासून बाराव्या जागेपर्यंत स्थापनेचं साल असतं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये गेल्या वर्षाचं साल दिसलं की बोलणं तिथेच संपवावं. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढचे दहा म्हणजे पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नाव जुळतं का आणि विवरणपत्रं वेळेवर भरलीत का, ते पाहा. पैसे कंपनीच्या खात्याऐवजी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले तर थांबायचं, कारण काहीही सांगितलं तरी.

मग कायदा. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ ला अधिसूचित झाले. त्यातलं तुमच्या कामाचं एवढं:

- सभासद होण्यासाठी प्रवेश फी, नोंदणी फी किंवा नमुना मालाचे पैसे घेता येत नाहीत. ‘फी नाही, फक्त पहिली खरेदी १५,००० ची करा’ ही त्यातून काढलेली पळवाट. खरेदी न करता सभासद होता येतं का, असं लेखी विचारा.
- लेखी करार हवा, आणि त्यात दंड न भरता बाहेर पडण्याची मुदत हवी. ती किती दिवसांची, हे करारात वाचा.
- विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद हवी. किती दिवसांत, किती टक्के कापून, कुरिअरचा खर्च कुणाचा, ‘जुनं डिझाइन’ परत घेतात की नाही, हे सगळं सही करण्याआधी वाचायचं.
- ‘वहिनी, तू फक्त दोघींना आण, तुझा हार फुकट पडेल’ अशा बोलीवर गिऱ्हाइकाला माल विकायला बंदी आहे. नेमकं हेच वाक्य बैठकीत सगळ्यात जास्त ऐकू येतं.
- विक्रेत्याने ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय घरी जायचं नाही. वाडीत ही अट कोण पाळतं, हा भाग वेगळा.
- तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण एक महिन्यात.

याच नियमांनी पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याच्या योजना थेट विक्रीच्या नावाखाली चालवायला मनाई केली आहे. त्याआधीपासून १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजना बंदी कायदा आहे, आणि त्याची झळ फक्त मालकाला बसत नाही. अशा योजनेत दुसऱ्याला सभासद करून घेणं हाही गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. तुमच्या नावाखाली जोडलेल्या दहा बायकांच्या फॉर्मवर सही तुमची असते.

कमाई दाखवतात तेव्हा काय मागायचं

मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरावा नाही. खरं कमिशन कराच्या नोंदीत उमटतं. वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन दिलं की कंपनीला २ टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि तो प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या विवरणात कंपनीच्या नावासकट दिसतो. तीन लाख कमावल्याचं सांगणाऱ्या ताईंना नम्रपणे २६एएस मागा. त्यात ६,००० च्या आसपास टीडीएस दिसला पाहिजे. दिसला तरी ती ढोबळ कमाई. त्याच वर्षात त्यांनी स्वतः कंपनीकडून किती माल घेतला, त्याची बिलं मागा आणि वजाबाकी करा. बहुतेक जण राग आल्याचं दाखवतील. त्यावरूनही बरंच कळतं.

‘आज रात्री बारापर्यंतच ही ऑफर’ असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं ठेवा: करार, प्लॅन आणि परतीचे नियम छापील द्या, आठ दिवसांनी सांगते. आठ दिवस थांबायला तयार नसलेली संधी तुमच्या सोयीची नाही.

चाचणी विक्री

एवढ्यातून पार पडलेल्या कंपनीला शेवटची परीक्षा द्या. सभासद न होता, साधं गिऱ्हाईक म्हणून दोन नग घ्या. एक महिनाभर रोज वापरा, चुलीपुढे, घामात, ओल्या हातांनी. दुसरा डबीत बंद करून खिडकीजवळच्या फळीवर ठेवा. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून कडा, साखळीचे जोड आणि फासा पाहा, रंग आधी तिथेच जातो. फासा लोहचुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे, ते गंजणार. कानाला किंवा मानेला खाज आली तर खाली निकेल असण्याची शक्यता मोठी.

मग कंपनीच्या पुस्तिकेतले पाच नग छापील किमतीला विकून पाहा, नात्यात नसलेल्या पाच जणींना. शाळेतल्या बाई, बँकेतल्या मॅडम, बाजारातली ओळख. ऑर्डर लिहून घ्या, पैसे घेऊ नका. पंधरा दिवसांत पाच खऱ्या ऑर्डर मिळाल्या नाहीत तर अडचण तुमच्या बोलण्यात नाही, किमतीत आहे.

परतावा देणारी योजना आली तर

दागिना किंवा खडा घ्या आणि वर दर आठवड्याला ठरावीक टक्के परत मिळतील, अशी योजना असेल तर वरची कुठलीही तपासणी करत बसू नका. ती ठेव योजना झाली. टोरेस ज्वेलरीचं प्रकरण असंच होतं: दादरला झगमगीत दुकान, मोइसनाइटचे खडे, आठवड्याचा परतावा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हप्ते थांबले, जानेवारी २०२५ मध्ये दुकानापुढे गर्दी जमली आणि तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. अशा योजनेला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहता येतं आणि तिथे तक्रारही करता येते. सराफाची मासिक भिशी हा वेगळा प्रकार. कंपनीला मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती करावी लागते, नाहीतर ती ठेव ठरते. अकरा महिन्यांच्या योजना दिसतात त्या यामुळेच. चोवीस महिन्यांची भिशी दिसली तर जरा लांबूनच.

पैसे आधीच भरले असतील तर

पहिलं काम, नवी खरेदी आणि नवे सभासद आजपासून बंद. ‘अजून दोघी आणल्या की तुझे निघतील’ या सल्ल्याने नुकसान तुमच्याकडून त्या दोघींकडे जातं आणि कायद्याच्या नजरेत तुम्ही आणखी अडकता.

करारातली बाहेर पडण्याची मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हींनी रद्द करत असल्याचं कळवा. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुप सोडण्याआधी संपूर्ण चॅट निर्यात करून ठेवा. कमाईची आश्वासनं, बैठकीचे व्हिडिओ, ‘आजच भरा’चे मेसेज तिथेच असतात आणि ग्रुपमधून काढून टाकल्यावर नवं काही हाती लागत नाही. बँकेचं स्टेटमेंट, बिलं, सभासद क्रमांक आणि ज्यांनी आणलं त्यांची नावं एका फाइलमध्ये.

कंपनीने महिन्यात तड लावली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. यूपीआयने नुकतेच पैसे गेले असतील आणि फसवणूक उघड असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. परताव्याची योजना असेल तर जिल्हा पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा. तिथे ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा लागतो आणि चालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, म्हणून एकेकटीने जाण्यापेक्षा सगळ्यांची यादी रकमांसह एकत्र न्यावी. जिल्हा ग्राहक आयोग रत्नागिरीला, सिंधुदुर्गनगरीला आणि रायगडसाठी अलिबागला आहे. दोन वर्षांच्या आत दावा करायचा, पाच लाखांपर्यंत फी नाही. तिथे कंपनीचा वकील एक हरकत हमखास घेतो, की तुम्ही माल विकायला घेतला म्हणजे ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेल्या छोट्या धंद्याला कायद्यात यातून सूट आहे, ती तक्रारीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

माल परत पाठवताना डबी बंद करण्याआधी प्रत्येक नग काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा, एचयूआयडी असेल तर तोही वाचून दाखवा, आणि पार्सलचं एकूण वजन टपाल खात्याच्या पावतीवर आलंय का ते खिडकीवरच तपासा. ‘नग कमी आले’ हे उत्तर कंपनीकडून येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी व्हिडिओ आणि पावती तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर टाका.